शाळेचं वर्ष, गावाचं वर्ष

जिल्हा परिषदेच्या शाळेचा दिवस सुरू होतो परिपाठानं. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा झाली की एकेक मूल रांगेतून पुढं येतं. कुणी सुविचार सांगतं, कुणी दिनविशेष, कुणी बोधकथा. मग बातम्यांची पाळी. चौथीतली एखादी मुलगी वर्तमानपत्रातून वहीत उतरवून आणलेल्या दोन-तीन बातम्या वाचते. एक पावसाची, एक क्रिकेटची. शेवटची बातमी शाळेचीच असते: शुक्रवारी पालकसभा आहे, प्रत्येकानं घरी सांगावं, आईला आणि बाबांना घेऊन यावं. पावसाची बातमी पोरं निमूट ऐकतात. या शेवटच्या बातमीवर रांगेत कुजबुज सुरू होते, कारण ती त्यांच्या घरी जाणार असते.

महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक शाळा आहेत आणि त्यांतल्या साठ हजारांच्या आसपास जिल्हा परिषदांच्या आहेत. पुष्कळ ठिकाणी दोन खोल्या, दोन शिक्षक आणि पहिली ते चौथी किंवा पाचवीचे वर्ग एवढाच संसार. पण वर्षभरात अशा शाळेत काय काय होतं याची यादी करायला घेतली तर सूचनाफलक पुरत नाही. प्रवेशोत्सव, बालदिंडी, ध्वजवंदन, भोंडला, वाचन प्रेरणा दिन, आनंद बाजार, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, निरोप समारंभ, निकाल. त्यात पालकसभा, समितीच्या बैठका आणि केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद वेगळीच.

‘एवढे कार्यक्रम केल्यावर शिकवायचं कधी?’ असा प्रश्न शिक्षक विचारतात आणि तो रास्त आहे. शिक्षणहक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. एकेक दिवस मोलाचा आहे. वरून आलेल्या परिपत्रकासाठी घाईघाईनं उरकलेला, फोटो काढून पाठवला की संपला असा कार्यक्रम त्या तासांवर भारच टाकतो. मात्र याच वर्षक्रमात काही दिवस असे आहेत की ज्या निमित्तानं शेतावर, कारखान्यात, चुलीपुढं असलेला पालक शाळेच्या फाटकातून आत येतो. पट टिकवणाऱ्या, नाव कमावणाऱ्या सरकारी शाळांचा प्रवास पाहिला तर त्यांनी हे दिवस फार मन लावून वापरलेले दिसतात.

सुरुवात एप्रिलमध्येच

शाळेचं वर्ष जूनमध्ये उघडतं हे खरं, पण पहिलीच्या मुलांसाठी ते एप्रिलमध्येच सुरू होतं. ‘पहिले पाऊल’ या नावानं २०२२पासून राज्यात शाळापूर्व तयारी अभियान चालतं. पहिला मेळावा एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये. त्याआधी शिक्षक आणि अंगणवाडीताई वस्तीवर फिरून ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांची यादी करतात. मेळाव्याच्या आदल्या दिवशी पोरांची प्रभातफेरी निघते, दवंडीही पिटली जाते.

मेळाव्यात सात टेबलं मांडलेली असतात. पहिल्यावर नावनोंदणी. पुढच्यावर मूल दोरीवरून उडी मारतं, चेंडू झेलतं, चित्रात रंग भरतं. मग एका टेबलावर रंगानुसार वस्तूंचे गट करायचे, दुसऱ्यावर चित्र पाहून गोष्ट सांगायची, तिसऱ्यावर खडे मोजायचे. मूल काय करतं आहे ते आई शेजारी उभी राहून पाहत असते. प्रत्येक टेबलावरची नोंद मुलाच्या विकासपत्रावर होते. अखेरच्या टेबलावर आईशी बोलणं होतं: पोराला मोजता येतं पण चारचौघांत बोलायला लाजतं, तेव्हा सुटीत रोज एक गोष्ट त्याच्याकडून ऐका. वस्तीवरच्या पाच-सहा आयांचा एक माता गट बनतो. मे महिन्यात पापड-कुरडयांची वाळवणं घालता घालता मुलाला ‘लहान-मोठं’, ‘कमी-जास्त’ शिकवायचं, आणि काय शिकवलं ते एकमेकींना सांगायचं, अशी ही योजना. जूनमध्ये दुसऱ्या मेळाव्यात तेच विकासपत्र पुन्हा भरलं जातं आणि दोन महिन्यांत काय फरक पडला ते आईला कागदावर दिसतं.

जिला स्वतःला शाळा फारशी लाभली नाही अशा आईला ‘तुमच्या मुलाच्या शिकण्यात तुमचं काम आहे’ हे या टेबलाशी पहिल्यांदा सांगितलं जातं, आणि तेही मार्कांचा कागद हाती पडण्याच्या आधी. एवढ्यासाठी तरी हा मेळावा शाळेनं मनापासून करावा.

जूनच्या मध्यावर शाळा उघडते. विदर्भात उन्हाचा तडाखा मोठा, त्यामुळं तिथं ती आठवडाभर किंवा त्याहून अधिक उशिरा भरते. पहिल्या दिवशीचा प्रवेशोत्सव आता गावोगावी रुळला आहे. सजवलेल्या बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून नव्या मुलांची मिरवणूक निघते, दारात औक्षण होतं. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कोऱ्या कागदावर पहिल्या पावलाचा ठसा घेतला जातो. हातात बालभारतीची नवी पुस्तकं येतात आणि दुपारच्या जेवणात काहीतरी गोड असतं. रडणारी पोरं तरीही रडतातच. पण गावानं हात जोडून आत घेतलेलं मूल आणि नाव घालून सोडून दिलेलं मूल यांत फरक पडतो, हे कुठलीही अनुभवी बाई सांगेल.

समितीतले पालक

जुलै-ऑगस्टच्या पालकसभेत, मुदत संपली असेल तर, शाळा व्यवस्थापन समिती निवडली जाते. २००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्याच्या कलम २१नं ही समिती प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला बंधनकारक केली. सदस्यांत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि दुर्बल व वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. महाराष्ट्रात ही समिती १२ ते १६ जणांची असते. मुदत दोन वर्षं, अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सचिव आणि बैठक दर महिन्याला.

समितीच्या हाती कायद्यानं चार ठोस गोष्टी दिल्या आहेत. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा तयार करणं, आलेल्या अनुदानाचा विनियोग पाहणं आणि वेळोवेळी सोपवलेली इतर कामं. ही अनुदानं किती असतात हे गावात फारसं कुणाला ठाऊक नसतं. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांप्रमाणे ३०पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाकाठी १०,००० रुपयांचं एकत्रित अनुदान आहे. पट ३१ ते १०० असेल तर २५,००० आणि त्यापुढं २५०पर्यंत ५०,०००. त्यातून खडू, रजिस्टरं, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता सगळं भागवायचं. दहा हजारांत वर्ष काढणाऱ्या शाळेचा हिशेब एकदा फळ्यावर मांडला की छताची कौलं का बदलली गेली नाहीत याचा उलगडा सभेत आपोआप होतो, आणि पुढचं बोलणं आरोपांऐवजी कामाचं होतं.

अडचण अशी की पुष्कळ ठिकाणी ही समिती सह्यांपुरतीच उरते. इतिवृत्ताची वही घरोघर फिरते, अंगठे-सह्या होतात, बैठक ‘झालेली’ असते. महिला सदस्याच्या जागी तिचा नवरा येऊन बसतो. याचा दोष एकट्या पालकांना देऊन चालणार नाही. दुपारी दोन वाजता बोलावलेल्या बैठकीला ज्या बाईला यायचं आहे तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. शिवाय एकदा येऊन गेल्यावर तिथं तिच्या बोलण्याला किंमत मिळाली नाही, तर दुसऱ्यांदा ती कशाला येईल?

जिथं समिती जागी आहे, तिथं तिचा हात सर्वांत आधी दिसतो तो दुपारच्या जेवणात. शालेय पोषण आहार ही केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली आणि २०२१पासून ती ‘पीएम पोषण’ या नावानं ओळखली जाते. प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा तिचा निकष आहे. अन्न वाढण्याआधी किमान एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी ते चाखून पाहावं असा नियम आहे आणि त्यासाठी शाळेत चव रजिस्टर ठेवलेलं असतं. त्यात रोज पाळीपाळीनं एका आईनं येऊन जेवण चाखायचं आणि दोन शब्द लिहायचे, असं काही शाळांनी ठरवून टाकलं. ‘आमटी पातळ’, ‘आज मीठ बेताचं’. चार आठवडे ही नोंद नियमित झाली की आमटी सुधारते, आणि चाखायला आलेली आई वर्गाच्या खिडकीतून आपलं पोर काय करतं आहे हेही पाहून जाते.

बालदिंडी, भोंडला, तान्हा पोळा

आषाढापासून आश्विनापर्यंत शाळेचा वर्षक्रम गावाच्या सणांशी एकरूप होतो. आषाढी एकादशीच्या सुमारास बालदिंडी निघते. पोरं पताका घेऊन, पोरी डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन गावातून फिरतात, आणि हल्ली त्या पालखीत ग्रंथ ठेवून ग्रंथदिंडीही निघते. गणपतीआधी शाडूच्या मूर्ती बनवायची कार्यशाळा होते आणि तिथं गावचा कुंभार त्या दिवसापुरता गुरुजी होतो. विदर्भातल्या शाळांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या तान्ह्या पोळ्याची तयारी चालते. लाकडी बैल रंगवणं, सजवणं हा तिथला हस्तकलेचा तास. नवरात्रात पश्चिम महाराष्ट्रातल्या शाळांत पाटावर हत्ती काढून भोंडल्याचा फेर धरला जातो. खिरापत ओळखायचा खेळ सगळ्यांना आवडतो, कारण डबा हलवून, वास घेऊन, ‘गोड की तिखट’ विचारत विचारत मुलं नेमका प्रश्न कसा विचारावा हे नकळत शिकत असतात. त्या दिवशी आज्याही शाळेत येतात. गाणी त्यांनाच पाठ असतात.

१५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, २०१५पासून वाचन प्रेरणा दिन पाळला जातो. त्या दिवशी दप्तराला सुटी आणि हातात गोष्टीचं पुस्तक. बालभारतीनं १९७१ साली सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक अजूनही अनेक शाळांच्या कपाटात आहेत आणि ते आधी कुणी घ्यायचे यावरून मुलांची आजही ओढाताण होते. ज्या शाळांनी हा दिवस एकाच दिवसापुरता न ठेवता पुस्तकपेटी वस्तीवर नेली, रात्री मुलानं आजोबांना वाचून दाखवावं असं ठरवलं, त्यांना त्याचं फळ दिसतं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे ‘निपुण भारत’ अभियानाचं २०२१पासूनचं उद्दिष्ट आहे आणि ते फक्त वर्गातल्या तासांवर गाठणं कठीण आहे.

मुंबईसारख्या शहरात हे सगळं वेगळ्या रीतीनं करावं लागतं. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांच्या आहेत: मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड. एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांचे वर्ग भरतात. तिथं सूचनेची एक चिठ्ठी तीन लिपींत जाते आणि सभेची वेळ पालकांच्या पाळ्या पाहून ठरवावी लागते.

दिवाळीनंतरची रिकामी बाकं

बीडच्या आसपासच्या ऊसतोड पट्ट्यात शाळेच्या वर्षातला सर्वांत कसोटीचा दिवस म्हणजे दिवाळीनंतरचा पहिला दिवस. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो, मुकादमाची उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे ‘कोयता’, ट्रॅक्टरवर संसार घालून पश्चिम महाराष्ट्राकडं किंवा कर्नाटकाकडं निघते. पोरंही जातात. मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर असते आणि मधले पाच-सहा महिने कोरे गेलेले असतात. फडात पाचटाच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या तिसरी-चौथीतल्या मुलीचं त्या महिन्यांत किती नुकसान होतं, ते भरून काढणं कुठल्याही उन्हाळी वर्गाच्या आवाक्याबाहेरचं आहे.

यावर निघालेला एक उपाय थेट गावाच्या भरवशावर उभा आहे: हंगामी वसतिगृह. समिती दिवाळीआधी घरोघर जाऊन कोणती कुटुंबं जाणार आहेत याचा सर्व्हे करते. मुलं आजी-आजोबांकडं किंवा नातलगांकडं गावातच राहतात आणि त्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय सरकारी अनुदानातून समिती करते. दुपारचं जेवण शाळेतलं. ज्यांना नेण्यावाचून इलाज नाही त्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. त्यावर मूल कितवीत आहे, त्याला काय येतं याची नोंद असते, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेनं दाखल्याची वाट न पाहता त्याला वर्गात बसवावं.

हे सगळं साधतं ते ऑक्टोबरमधल्या एका पालकसभेवर. त्या सभेत शिक्षकानं आई-बापांना विश्वास दिला आणि आजीनं ‘ठेव माझ्यापाशी’ म्हटलं, तर मूल राहतं. सभा झालीच नाही, किंवा अनुदान वेळेवर आलं नाही, तर ते ट्रॅक्टरवर चढतं. एका ‘आगामी कार्यक्रमा’वर एखाद्या मुलाचं पूर्ण वर्ष टांगलेलं असतं याचं याहून ठळक उदाहरण देता येणार नाही. म्हणूनच या पट्ट्यात हे अनुदान हंगामाआधी शाळेच्या हाती पडायलाच हवं.

माइकवरून पुकारलेली बक्षिसं

डिसेंबर ते फेब्रुवारी हा शाळेचा सुगीचा काळ. केंद्रस्तरीय क्रीडास्पर्धांत खो-खो, कबड्डी, लंगडी रंगते. जिंकलेला संघ बीट, तालुका, जिल्हा अशा पायऱ्या चढत जातो. अनवाणी धावणाऱ्या पोरांसाठी कुणीतरी बूट आणून देतं. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती बालिका दिन म्हणून साजरी होते. पुण्याच्या भिडेवाड्यात १८४८ साली सुरू झालेल्या मुलींच्या शाळेची गोष्ट त्या दिवशी दरवर्षी नव्या मुली सांगतात. तिथपासून १२ जानेवारीच्या जिजाऊ जयंतीपर्यंत अनेक शाळा वक्तृत्व, निबंध, वेशभूषा असे कार्यक्रम घेतात. पुढं २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन.

याच दिवसांत आनंद बाजार भरतो. पोरं घरची भाजी, बोरं, चिंचा, भेळ, ताक घेऊन मैदानात पथारी मांडतात. दहा रुपयांना मेथीची जुडी, दोन घेतल्या तर अठराला. शंभराची नोट आली की अठरा वजा करून परत किती द्यायचे, हे दुसरीतलं पोर बोटं मोडून काढतं आणि समोरची काकू मुद्दाम घाई करत नाही. संध्याकाळी भांडवल किती, विक्री किती, नफा किती हे वहीत लिहायचं. पुस्तकातली हातच्याची वजाबाकी ज्यांना महिनाभर उमगली नव्हती त्यांना ती या बाजारात उमगते, कारण चुकलं तर पदरचे पैसे जातात.

आणि मग स्नेहसंमेलन. त्याची तयारी महिनाभर चालते आणि गावाला त्याची वाट दिवाळीइतकी असते. मंडपवाला गावचाच. तो भाडं अर्धं घेतो. शाळेपुढच्या ओट्यावर रंगमंच, समोर सतरंज्या, मागं उभी राहिलेली तरणी पोरं. लेझीम, पोवाडा, कोळीगीत, शेतकऱ्याच्या जिण्यावरचं एखादं नाटुकलं. नाच सुरू असताना चिठ्ठ्या मंचाकडं येत राहतात आणि सूत्रसंचालक गुरुजी माइकवरून पुकारतात: अमुक तात्यांकडून पहिलीच्या गाण्याला एकशे एक, तमुक महिला बचत गटाकडून पाचशे एक. रात्री अकराला हिशेब होतो आणि रक्कम समितीच्या खात्यावर जाते. रंगरंगोटी, पाण्याची टाकी, स्मार्ट टीव्ही, खेळाचं साहित्य, कुंपण, कितीतरी शाळांतल्या या गोष्टींवर दात्यांची नावं दिसतात आणि त्यांची सुरुवात अशाच एका रात्री झालेली असते.

या लोकवर्गणीबद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वर्ग, छत, स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी ही सरकारची जबाबदारी आहे. कायद्याच्या परिशिष्टातच ती नोंदलेली आहे. गावानं हौसेनं दिलेले पैसे त्या जबाबदारीची जागा घेऊ शकत नाहीत. दुष्काळी गावाकडून वर्गणी येत नाही, म्हणून तिथल्या मुलांनी गळक्या खोलीत बसायचं हे न्यायाचं होणार नाही.

उभ्या राहिलेल्या शाळा

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातली वाबळेवाडी या विषयात हमखास आठवते. गावकऱ्यांनी शाळेसाठी जमीन दिली, हात लावले आणि छोट्याशा वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा अशी झाली की प्रवेशासाठी आजूबाजूच्या गावांतून रीघ लागली. तिथं हे घडवून आणणारे शिक्षक दत्तात्रय वारे पुढं खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेवर आले. तिथला पट तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरला होता. पुन्हा गाव उभं राहिलं. मोठी मुलं लहानांना आणि लहानही मोठ्यांना शिकवतात अशी ‘विषयमित्र’ पद्धत तिथं रुजली. २०२५ साली ‘टी-फोर एज्युकेशन’ या संस्थेच्या जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत समाजाच्या सहभागाच्या गटात जगातल्या पहिल्या दहा शाळांत जालिंदरनगरचं नाव आलं आणि त्याच वर्षी लोकांच्या मतांवर दिला जाणारा ‘कम्युनिटी चॉइस’ पुरस्कार या शाळेनं जिंकला.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले २०२०च्या ग्लोबल टीचर प्राइझचे मानकरी ठरले. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं त्यांचं काम सर्वांना ठाऊक आहे. त्या कोडचा खरा उपयोग घरी होतो. आईच्या किंवा बापाच्या फोनवर धडा ऐकू येतो. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली.

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांनी वेगळ्या वाटेनं हेच साधलं. वर्गाच्या फरशीवर संख्यारेषा, अक्षरं, चौकटी रंगवल्या आणि बाकं बाजूला सारून मुलं जमिनीवर शिकू लागली. राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गाड्या करून येऊ लागले. २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर ही फरशी गावोगाव पोचली.

या सगळ्या ठिकाणी समान धागा एकच आहे. शिक्षकांनी गावाला आधी काम दाखवलं आणि पैसे नंतर मागितले. मुलाला वाचता येऊ लागलं हे पालकांनी सभेत स्वतःच्या कानांनी ऐकलं, तेव्हा जमीन, वर्गणी, श्रमदान आपसूक आलं.

दुसरी बाजूही नजरेआड करता येत नाही. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक आहेत. त्यांतल्या पुष्कळ डोंगरावर, धरणांच्या काठी, पाड्यांवर आहेत. समूह शाळांची, म्हणजे अशा छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा चालवण्याची, चर्चा २०२३पासून सुरू आहे आणि पानशेतच्या समूह शाळेचं उदाहरण त्यासाठी दिलं जातं. मोठ्या शाळेत सोयी अधिक मिळतील हे खरं. पण पाड्यावरची शाळा बंद झाली की सहा वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात ओढा ओलांडावा लागतो, आणि वस्तीवरचं एकमेव सार्वजनिक अंगण जातं जिथं सगळे एकत्र येत होते. हा निर्णय घेण्याआधी त्या वस्तीची पालकसभा भरवली पाहिजे आणि तिचं म्हणणं इतिवृत्तात आलं पाहिजे.

सभा अशी बोलवावी

ज्या शाळांना पालक येत नाहीत अशी तक्रार आहे, त्यांच्यासाठी चांगल्या शाळांतल्या चालीरीती अगदी साध्या आहेत. सभा बाजाराच्या दिवशी किंवा मजुरीला सुटी असते त्या दिवशी ठेवावी. सुगीत ती संध्याकाळी दिवेलागणीनंतर. निरोप फक्त व्हॉट्सॲपवर टाकू नये. गटात नंबर बहुतेक वडिलांचा असतो आणि निरोप आईपर्यंत पोचतच नाही. तो मुलाच्या वहीत त्याच्याच अक्षरात लिहून जावा. सभेत भाषण दहा मिनिटांचं, मुलांचं वाचन-गणित अर्ध्या तासाचं. वर्गात अडखळणाऱ्या मुलाच्या आईशी चारचौघांत बोलू नये, तिच्याशी बोलायला नंतर वेगळा वेळ काढावा. मागच्या सभेत कुणी काय मागितलं आणि त्याचं काय झालं, हे वाचून मगच नवी सभा सुरू करावी. नळाला तोटी बसवा असं जिनं सुचवलं होतं तिला ती तोटी दाखवली की पुढच्या सभेला ती शेजारणीलाही घेऊन येते.

१ मे रोजी महाराष्ट्र दिनाचं ध्वजवंदन होतं आणि रिवाजाप्रमाणे त्याच दिवसांत निकाल लागतो. चौथीच्या मुलांचा निरोप त्याआधीच झालेला असतो; पाचवी नसलेल्या शाळेतली ही मुलं दाखला घेऊन मोठ्या गावच्या शाळेत जातात. १ मेलाच ग्रामसभाही असते. शाळेच्या अंगणात झेंडा लावून तिथूनच ग्रामपंचायतीत जायचं आणि शाळेची निकड ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत घालायची, एवढं तर कुठलंही गाव करू शकतं.

पैशांचा निर्णय मात्र त्याच्याही आधी होतो. समितीनं तीन वर्षांचा विकास आराखडा करायचा असतो आणि केंद्राच्या आदर्श नियमांनुसार तो आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी तयार व्हायला हवा, म्हणजे डिसेंबर अखेरीला. वाढीव पटाप्रमाणे किती शिक्षक लागतील, कोणती खोली दुरुस्त करायची, मुलींच्या स्वच्छतागृहाला दार आहे का, अपंग मुलासाठी उतार आहे का, हे सगळं त्यात आलं तर पुढच्या मंजुरीत येतं. तेव्हा ज्या पालकाचं मूल आज पहिलीत आहे त्यानं स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होण्याआधी मुख्याध्यापकांकडं तो आराखडा मागावा, वाचावा, वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्यावा, आणि आपल्याला हवी असलेली ओळ त्यात घालून मगच सही करावी.